वाघोलीत फ्लॅटचं भाडं कमी, पण गाडीचा हिशोब कोण धरतं?

पुण्यात नोकरी लागली की भाड्याच्या घराची शोधाशोध साधारण विमाननगर, खराडीपासून सुरू होते आणि बजेट ऐकल्यावर ब्रोकर नगर रोडने आणखी पुढे घेऊन जातो. वाघोली. नवी बिल्डिंग, दोन लिफ्ट, क्लब हाऊस, आणि त्याच पैशात वन बीएचकेऐवजी टू बीएचके. फ्लॅट बघायला माणूस बहुतेक रविवारी दुपारी जातो, तेही ब्रोकरच्या गाडीतून. त्यामुळे इथे गाडीशिवाय काय होतं, हे कळतं सामान लावून झाल्यावर.

मुळात भानगड रस्त्यांची आहे. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण बहुतेक मोठ्या सोसायट्यांची कामं त्याच्या आधीच सुरू झाली होती. शेताचा तुकडा विकला गेला, तिथे टॉवर उभा राहिला, शेजारच्या तुकड्यावर दुसरा. दोन्हींच्या मध्ये कंपाउंडची भिंत. केसनंद फाटा, बकोरी रोड, आव्हाळवाडी रोड या भागांत आतल्या गल्ल्या एकमेकींना जोडलेल्याच नाहीत, सगळ्या फिरून नगर रोडलाच येतात. समोर दिसणाऱ्या दुकानात जायलाही मेन रोडला वळसा घालावा लागतो, आणि फुटपाथ कित्येक ठिकाणी नाहीच. बसचा मुख्य मार्गही नगर रोडच. सोसायटीच्या गेटपासून स्टॉपपर्यंतचा एक-दीड किलोमीटर ज्याचा त्याने बघायचा.

आता पैशांचं बघू. समजा, नवरा-बायको दोघं नोकरी करतात. एकाचं ऑफिस खराडीत, दुसऱ्याचं शिवाजीनगरला. विमाननगरपेक्षा वाघोलीत त्यांचे भाड्याचे १० हजार वाचतायत. शिवाजीनगर एका बाजूने १८ किलोमीटर धरलं आणि महिन्याचे २४ दिवस, तर ८६४ किलोमीटर होतात. ट्रॅफिकमध्ये कार लिटरला १२ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं मानलं, तर नुसतं पेट्रोल साडेसात हजारांचं. खराडीवाल्याच्या स्कूटरला आणखी हजारभर. सर्व्हिसिंग, इन्शुरन्स धरलेला नाही. कार याच घरासाठी घेतली असेल, तर ईएमआय वेगळाच. म्हणजे वाचलेलं भाडं जवळपास पेट्रोल पंपावर गेलं.

दोघंही दुचाकीवर गेले तर तीन हजारांत भागतं. त्यांच्यासाठी वाघोली खरोखर स्वस्त आहे, हेही मान्य करायला हवं. फक्त मग पावसाळा आणि नगर रोडचे ट्रक हे रोजचं होऊन जातं.

बसने गेलं तर? पीएमपीचा मासिक पास जून २०२५ मध्ये ९०० वरून १,५०० रुपये झाला. स्टॉपपर्यंत रिक्षा मीटरने नेली तर पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये. जाऊन-येऊन २४ दिवसांचे १,२०० झाले. एकूण २,७०० रुपये. म्हणजे स्वस्त म्हणावा तो पर्यायही एका माणसामागे दुचाकीपेक्षा महाग पडतो. शिवाय मीटरने यायला रिक्षावाला तयार हवा. गावाकडून आई-वडील राहायला आले की त्यांना साधं देवळात जायचं तरी कुणीतरी सुट्टी काढावी लागते, तो खर्च तर कुठल्याच हिशोबात येत नाही.

अमेरिकेत उपनगरांचा हाच प्रश्न बराच जुना आहे. शिकागोतली ‘सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी’ ही संस्था त्यामुळे घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्रच मोजते. दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल, तरच ते ठिकाण परवडणारं, असा तिचा निकष. आपल्याकडे ब्रोकर भाडं सांगतो, डिपॉझिट सांगतो, फार तर मेंटेनन्स सांगतो.

भाडेकरूची खरी अडचण होते करारात. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये बऱ्याचदा काही महिन्यांचा लॉक-इन असतो. पहिल्याच महिन्यात कळलं की रोजचा प्रवास झेपत नाही, तरी लॉक-इनचं भाडं द्यावं लागतं. पार्किंगचंही तसंच. ‘गाडी लावा कुठेही’ असं तोंडी सांगितलेलं असतं, आणि नंतर सोसायटी म्हणते भाडेकरूला एकच जागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यामुळे किती गाड्या, कुठली जागा, लॉक-इन किती, हे सगळं त्यातच लिहून घेतलेलं बरं. आणि टोकन देण्याआधी एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला सोसायटीच्या गेटपासून ऑफिसपर्यंत बसने जाऊन बघावं.

‘मेट्रो येतेय ना’ हे वाक्यही ब्रोकरकडून हमखास ऐकायला मिळतं. ते खोटं नाही. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४ पासून धावतेय, आणि तिथून वाघोलीपर्यंतच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. काम चार वर्षांत पूर्ण करायचं आहे. करार ११ महिन्यांचा आहे, आणि मेट्रो जवळ येईल तसं भाडं वाढवून मागायला घरमालक स्टेशन सुरू होण्याची वाट बघेल असं वाटत नाही.