चावी फिरवा, पण डोकंही!

लॅपटॉप बंद पडला की आपण काय करतो? आधी प्लग बघतो, मग चार्जर, मग रीस्टार्ट. एवढं झाल्यावरच आयटीवाल्याला फोन. पण गाडी बंद पडली की हे सगळं लॉजिक पार्किंगमध्येच गळून पडतं. बॉनेट उघडायचं, आतलं सगळं कळत असल्यासारखा चेहरा करायचा, बॉनेट लावायचं आणि मेकॅनिकला फोन. तो म्हणेल ती पूर्वदिशा!

तर मंडळी, या आठवड्याचा फंडा आहे इग्निशन स्विच. म्हणजे जिथे आपण चावी घालतो, त्याच्या मागे दडलेला तो छोटासा डबा. नवी पुश-बटनवाली गाडी असेल तर तुम्ही सुटलात. पण आई-बाबांकडून आलेली किंवा सेकंडहँड घेतलेली जुनी गाडी असेल, तर पान उलटू नका.

आमच्या घरी २००६ची मारुती ८०० आहे. या मॉडेलचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण आईचा तिच्यावरचा जीव काही थांबलेला नाही. भाजी, बँक, भिशी, सगळीकडे ती एकटी जाते. गेल्या पावसाळ्यात गाडीने नखरे सुरू केले. कधी सेल्फच घ्यायची नाही, कधी चालू होऊन लगेच बंद. एका गॅरेजने बॅटरी बदलून दिली, साडेतीन हजार रुपये. दोन आठवडे सगळं सही. मग एका संध्याकाळी पौड रोडच्या उड्डाणपुलावर चालती गाडी अचानक गप्प झाली. मागे पीएमटीची बस, आत आई. ती सुखरूप घरी आली, पण दादाने त्याच रात्री फर्मान काढलं, "आता गाडी विका." आई काहीच बोलली नाही. तिने फक्त चावी फ्रीजवर ठेवून दिली. गाडी गेली की रिक्षावाल्यांचे नखरे आणि आमच्या सुट्ट्या, या दोन गोष्टींवर तिचं फिरणं ठरणार होतं.

विकायच्या आधी एकदा दाखवून घेऊ म्हणून मी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. चावी ऑनवर ठेवली आणि दोन बोटांनी हळूच हलवली. डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकले. "ताई, बॅटरी बिचारी उगाच बदनाम झाली," तो म्हणाला. "स्विचच्या आतले काँटॅक्ट खलास झालेत."

तो समजावून सांगत होता आणि मी तिथेच नोट्स काढत होते. चावीला साधारण चार घरं असतात : लॉक, अ‍ॅक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट. स्टार्टला सेल्फकडे हुकूम जातो. इंजिन लागलं की चावी स्प्रिंगने मागे ऑनवर येते आणि पुढचा सगळा प्रवास याच घराच्या भरवशावर. आतले तांब्या-पितळेचे काँटॅक्ट वर्षानुवर्षं ठिणग्या आणि उष्णता खाऊन झिजतात. मग कधी वीज जाते, कधी नाही. म्हणूनच हा आजार गॅरेजमध्ये नेल्यावर नेमका गायब होतो!

आता तुमची टेस्ट. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

एक, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले आणि टिकटिक आवाज आला, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसते का बघा. दिवे ठणठणीत आणि एकच 'टक्' आवाज, तर संशय सेल्फवर. दिवे ठणठणीत आणि आवाजच नाही, तर स्विच किंवा त्याची वायर.

दोन, सेल्फ मारताना इंजिन लागतं आणि चावी सोडताच बंद पडतं? ऑनचा काँटॅक्ट गेल्याची ही मोठी खूण.

तीन, धक्का स्टार्ट. धक्क्याने गाडी लागून नीट चालत असेल, तर ऑनचं घर शाबूत आहे, बिघाड सेल्फच्या बाजूला. ऑनचाच काँटॅक्ट गेला असेल, तर अख्खी सोसायटी ढकलायला आली तरी उपयोग नाही.

शेवटचा निकाल इलेक्ट्रिशियनच्या टेस्ट लॅम्पचा. सेल्फच्या बारीक वायरवर तो लावायचा आणि दुसऱ्याने चावी फिरवायची. लॅम्प पेटला तर स्विच निर्दोष. नाही पेटला तर वीज वाटेतच अडते आहे. दोन मिनिटांचं काम. ते न करता कोणी बॅटरी किंवा सेल्फ बदला म्हणालं, तर गोड हसून विचारा, "टेस्ट लॅम्प लावून बघितलात का?"

यात एवढं सीरियस काय, असं वाटत असेल तर अमेरिकेत डोकवा. २०१४ साली जनरल मोटर्सने याच पार्टसाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. चावी ऑनच्या घरात घट्ट बसत नव्हती. जड कीचेनच्या ओझ्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने ती चालत्या गाडीत मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद आणि धडक झाली तर एअरबॅगही उघडत नव्हती. कंपनीच्या भरपाई योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सल्ला होता, रिंगमध्ये चावी एकटीच ठेवा.

आपल्या गाड्यांत तो स्विच नसेलही, पण आपली कीचेन आठवा. फ्लॅटची चावी, कपाटाची चावी, बाइकची चावी, ऑफिसचा पेन ड्राइव्ह आणि वर पितळी गणपती. खड्ड्याखड्ड्याला हा सगळा संसार त्या जुन्या लॉकला लोंबकळतो. बाप्पाला डॅशबोर्डवर बसवा, तिथूनही तो बघतो!

आणि चालती गाडी बंद पडलीच तर? चावी लॉककडे फिरवू नका, काढू तर मुळीच नका, स्टीअरिंग लॉक होईल. हॅझार्ड लावा आणि वेग आहे तोवर डावीकडे या. ब्रेक एकदाच, जोर लावून, धरून ठेवा. पुन्हापुन्हा दाबलात तर बूस्टरची उरलीसुरली मदतही संपते आणि पेडल दगड होतं.

एक जुगाड मात्र टाळा. स्विच बायपास करून डायरेक्ट वायर किंवा बटन बसवून देणारे बरेच भेटतील. फ्यूज नसलेली ती वायर तापली तर धूर निघेल आणि चोराचं काम सोपं होईल ते वेगळंच. आमच्या गाडीत मागचा फक्त स्विच बदलला. लॉक आणि चावी तीच राहिली. मजुरी धरून बिल बॅटरीच्या पाव किमतीतही आलं नाही.

दादाने स्वतः कात्रजपर्यंत चक्कर मारून आणली आणि विकायचा विषय पुन्हा काढला नाही. आईची तक्रार एकच : नव्या हलक्या रिंगमुळे चावी पर्समध्ये सापडत नाही.