फियाट चालू झाली, कागदांचं काय?

वडिलांची प्रीमियर पद्मिनी बारा वर्षं अंगणात ताडपत्रीखाली होती. यंदा काढलीच. टाकीतला गंज काढला, कार्ब्युरेटर साफ केला, ब्रेकचे रबर बदलले. मिस्त्रीकाकांनी सेल्फ मारला अन् गाडी बोलली! आईच्या डोळ्यात पाणी.

आता खरी कसरत कागदांची. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. २०२२ आधी शुल्क ६०० रुपये होतं, मग ५,०००. २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,०००. विंटेज म्हणावं तर वय ५० पाहिजे.

धूर ओकणारी गाडी रस्त्यावर नकोच, मान्य. मग तपासा ना! नापास झाली तर खुशाल थांबवा. पण पास होणाऱ्या गाडीला नुसत्या वयाचा दंड कशाला?

तुमच्या अंगणात कोणती उभी आहे? सांगा.