विश्लेषण : तिकीट ६० दिवस आधी, पावसाचा इशारा पाच दिवस आधी! यवतमाळला जायचे तरी कधी?

पुणे-मुंबईत नोकरी करणारे आणि गावाकडे सुट्टीला जाणारे, टिपेश्वरचा वाघ किंवा सहस्रकुंडचा धबधबा पाहायला निघालेले पर्यटक, नवरात्रीत यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला येणारे पाहुणे. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. कोणत्या महिन्यात जावे? इंटरनेटवर याचे उत्तर एका ओळीत मिळते, ‘ऑक्टोबर ते मार्च’. पण हे उत्तर अर्धवट आहे. कारण पावसाळी प्रदेशात महिना निवडणे ही पहिली पायरी असते, शेवटची नाही. यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घेऊन हे गणित समजून घेऊ.

यवतमाळचा पाऊस नेमका कधी असतो?

मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला केरळमध्ये आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोहोचतो. विदर्भात तो जूनच्या मध्यास दाखल होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परततो. म्हणजे कागदावर साडेतीन महिन्यांचा पावसाळा. प्रत्यक्षात मात्र जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांपैकी विदर्भात ‘पावसाचे दिवस’ निम्म्याहून कमीच असतात. २४ तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच हवामान विभाग तो दिवस पावसाचा धरतो.

कोकणात वारा सह्याद्रीला धडकतो आणि पाऊस रोज थोडाबहुत पडत राहतो. विदर्भाचे तसे नाही. इथला पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. अशी प्रणाली छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकली की विदर्भात दोन-चार दिवस जोर धरतो, मग उघडीप मिळते. मोसमी पावसाचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, तर ही उघडीप दोन-तीन आठवडेही लांबते. म्हणूनच ‘जुलैत यवतमाळमध्ये पाऊस असतो’ हे विधान खरे असूनही तुमच्या शनिवार-रविवारबद्दल ते काहीच सांगत नाही.

सरासरीवर विसंबण्यात धोका काय?

२०२३चा पावसाळा याचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. २२ जुलैला महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराच्या पाण्याने वेढला गेला आणि अडकलेल्या ग्रामस्थांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली. त्यानंतरचा महिना? तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. एकाच हंगामात एक महिना बुडवणारा आणि दुसरा वाळवणारा. दोन्हींची सरासरी काढली तर आकडा ‘ठीकठाक’ दिसतो, पण त्या आकड्यासारखा दिवस प्रत्यक्षात कुणी अनुभवलेला नसतो.

एप्रिलमध्ये जाहीर होणाऱ्या ‘देशात सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ या अंदाजाचेही तसेच. हा अंदाज धान्यसाठा, पीककर्ज आणि धरणांच्या नियोजनासाठी महत्त्वाचा. तुमच्या सहलीसाठी त्याचा उपयोग जवळपास शून्य.

सप्टेंबरअखेर म्हणजे पावसाळा संपला?

नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा ठरला आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशच्या उत्तर किनाऱ्याजवळ धडकले. त्याचे अवशेष पश्चिमेकडे सरकत विदर्भ-मराठवाड्यावर आले आणि मुसळधार पाऊस झाला. २८ सप्टेंबरच्या सकाळी नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस उमरखेड तालुक्यातील दहागावच्या नाल्यावर पोहोचली. पुलावरून पाणी वाहत होते. बस पाण्यात घातली गेली आणि ती वाहून गेली. काही प्रवासी बसच्या टपावर आणि झाडाला धरून वाचले, काहींना प्राण गमवावे लागले.

लक्षात घ्या, ती ना मोठी नदी होती, ना जुलैचा महिना. तो एक नाला होता आणि पावसाळा कॅलेंडरवर संपत आला होता.

इथले नाले इतक्या झटकन का फुगतात?

याचे उत्तर मातीत आहे. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा, कारण इथली काळी माती ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात या मातीला मोठ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून आत जाते. पण माती भिजली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी जिरण्याचा वेग एकदम कमी होतो. खाली बेसॉल्टचा कठीण खडक. त्यामुळे हंगामाच्या उत्तरार्धात पडलेला जोरदार पाऊस बराचसा थेट नाल्यात उतरतो. जूनमध्ये जो पाऊस शेतात मुरला असता, तोच सप्टेंबरमध्ये पुलावर येतो.

दुसरा मुद्दा गाडीचा. चाकाला पकड मिळते ती गाडीच्या वजनामुळे. पाणी गाडीच्या तळाला लागले की ते तिला वर उचलू लागते आणि पकड सुटते. वेगाने वाहणारे सुमारे एक फूट पाणी छोटी कार सरकवू शकते, दोन फूट पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचला, हे तर दिसतच नाही.

यवतमाळसाठी हा मुद्दा जास्त का महत्त्वाचा?

कारण इथला प्रवास मुख्यतः रस्त्याचा आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण बाहेरून येणारा प्रवासी अजूनही बहुधा वर्धा, धामणगाव किंवा नागपूरला उतरतो आणि पुढे एसटी किंवा गाडी पकडतो. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेच्या बाजूला वर्धा नदी आणि मध्ये असंख्य नाले. महामार्ग सुरू असला, तरी गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरचा कमी उंचीचा पूल बंद असू शकतो.

महिन्यांचा हिशेब कसा मांडावा?

जून : उकाडा आणि पहिला पाऊस यांची सरमिसळ. विजांचा धोका मोठा. पेरणीची धांदल असल्याने गावात कुणाला वेळ नसतो.

जुलै ते सप्टेंबर : पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहण्याचा हंगाम हाच. मात्र त्याचे पाणी केवळ स्थानिक पावसावर ठरत नाही. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. धरणातून विसर्ग सुरू झाला, तर उमरखेडमध्ये ऊन असतानाही प्रवाह अचानक वाढू शकतो. त्यामुळे खडकांवर उतरण्यापूर्वी आभाळ पाहणे पुरेसे नाही, विसर्गाची बातमी पाहणे गरजेचे. याच काळात टिपेश्वर अभयारण्यातील सफारी पावसाळी सुट्टीमुळे बंद असते. दरवर्षी कुणीतरी ऑगस्टमध्ये हॉटेल घेऊन ठेवतो आणि मग फाटक बंद असल्याचे कळते.

ऑक्टोबर : सफारी पुन्हा सुरू होते, पण गवत वाढलेले असल्याने प्राणी दिसणे कठीण. परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरचा उकाडा दोन्ही शक्य. पर्यटकाला सुखावणारी ही सर शेतकऱ्याचे काढणीला आलेले सोयाबीन आणि फुटलेला कापूस भिजवते, हेही ध्यानात असावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : कोरडी हवा, थंड रात्री, मोकळे रस्ते. कापूस वेचणीचा हंगाम. कुटुंबासह, वृद्ध किंवा लहान मुलांना घेऊन जायचे तर हाच काळ सर्वांत सुरक्षित.

मार्च ते मे : वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक, कारण पानगळ झालेली असते आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. याच टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. पण मे महिन्यात पारा अनेकदा ४२ ते ४५ अंशांवर जातो. उघड्या जीपमध्ये दुपारची फेरी ही हौस नव्हे, जोखीम आहे. सकाळची फेरी घ्यावी.

सणासाठी जाणाऱ्यांनी काय पाहावे?

सण तिथीवर चालतात, पाऊस सूर्यावर. त्यामुळे ‘दसऱ्याला पाऊस नसतो’ हा नियम होऊ शकत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला होता, तेव्हा पाऊस परतलेला असतो. २०२५ मध्ये तोच दसरा २ ऑक्टोबरला आला, म्हणजे विदर्भातून पाऊस परतण्याच्या सरासरी तारखेच्याही आधी. सोपा ताळा असा : नवरात्र १० ऑक्टोबरनंतर असेल तर पावसाची शक्यता कमी, सप्टेंबरमध्ये सुरू होत असेल तर छत्रीसोबत एक पर्यायी दिवसही हाताशी ठेवा.

मग निर्णय घ्यायचा कसा?

खरी अडचण अशी की निर्णय वेगवेगळ्या वेळी घ्यावे लागतात आणि माहितीही वेगवेगळ्या वेळी मिळते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते. ६० दिवस आधी एखाद्या तारखेचा पाऊस कुणीही सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक निर्णयासाठी त्या-त्या वेळची माहिती वापरावी.

• दोन महिने आधी : अनेक वर्षांच्या सरासरीवरून महिना ठरवा. तिकीट काढा, पण रद्द करता येईल अशीच निवास व्यवस्था घ्या.

• दोन-तीन आठवडे आधी : हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यातून पाऊस जोर धरणार की उघडीप मिळणार, याचा कल कळतो.

• पाच दिवस आधी : जिल्हानिहाय इशारा पाहा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृतीची वेळ. नारिंगी इशारा असेल तर नदीकाठचे ठिकाण यादीतून काढा. लाल असेल तर प्रवास पुढे ढकला.

• निघताना : ‘मौसम’ आणि ‘सचेत’ ही सरकारी अ‍ॅप फोनमध्ये असावीत. विजांसाठी ‘दामिनी’. आकड्यांचा अर्थही माहीत हवा : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस.

• पुलाजवळ : इथे कोणतेही अ‍ॅप चालत नाही. पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचे. पुढची गाडी गेली म्हणून आपली जाईल, हा हिशेब करायचा नाही.

या पाच पायऱ्यांत सर्वांत स्वस्त उपाय कोणता? परतीचे तिकीट आणि कामावर हजर होण्याची तारीख यांत एक मोकळा दिवस ठेवणे. अनेक जण भरल्या पाण्यात गाडी घालतात ते धाडस म्हणून नव्हे, तर संध्याकाळची गाडी चुकेल, उद्या रजा नाही, या घाईपोटी. नाल्याचा पूर बहुतेकदा काही तासांत ओसरतो. तेवढे तास हाताशी असतील, तर पावसाळ्यातले यवतमाळही पाहता येते. नसतील, तर नोव्हेंबरची वाट पाहिलेली बरी.