सर्व्हर चालू आहे, मुतवल्ली कोण?

जालना जिल्ह्यातल्या माझ्या पाहण्यातल्या काही शाळांत संगणक कक्ष म्हणजे एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले आठ-दहा मॉनिटर. मुलांसमोर कीबोर्ड, माऊस आणि वहीएवढा एक डबा असतो; खरे काम कोपऱ्यातले एकच यंत्र करते. त्यावर विंडोज सर्व्हर 2003 नाहीतर 2008. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर 2004 मध्ये सुरू झाली आणि 2010 मध्ये सुधारून आली. आपल्या राज्यात कंपनीने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा आणि मग शाळेच्या हवाली करायचा, अशी पद्धत होती. पाच वर्षे संपली, कंपनीने नेमलेले शिक्षक गेले, सर्व्हर तेवढा राहिला.

त्या राहिलेल्या सर्व्हरबद्दल मला लिहायचे आहे. यंत्र जुने आहे ही माझी तक्रार नाही. ते कोणाच्याच जबाबदारीत नाही, ही तक्रार आहे.

आधी जुन्या यंत्राची बाजू मांडतो, कारण ती सहसा कोणी मांडत नाही. ज्यांनी असे सर्व्हर वापरले आहेत ते सांगतील की ही प्रणाली दणकट आहे. महिनोन्महिने चालते. जुना प्रिंटर तिला ओळखतो. नव्या विंडोजला जेवढी मेमरी नुसते उभे राहायला लागते, तेवढ्यात ही दहा मुलांना एकाच वेळी टायपिंग शिकवते. शिवाय उर्दू शाळेत इनपेज असते. 1994 साली आलेल्या या सॉफ्टवेअरने नूरी नस्तालीक अक्षर सर्वसामान्यांच्या टेबलावर आणले. प्रश्नपत्रिका, गुणपत्रिका, जलशाचे कार्ड, सगळे त्यावरच. नव्या यंत्रावर जुने इनपेज नीट चालत नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. म्हणून मुख्याध्यापक म्हणतात, "चालतंय ना सर, मग हात कशाला लावता?" या म्हणण्यात आळस आहे, पण अनुभवाचे शहाणपणही आहे. ज्या शाळेत यंत्र एकदा बंद पडले तर ते परत चालू व्हायला एक सत्र जाते, तिथे चालत्या गाडीचे चाक कोणी काढत नाही.

पण "चालतंय" या शब्दाचा अर्थ काय? मायक्रोसॉफ्टने सर्व्हर 2003 ची देखभाल 14 जुलै 2015 रोजी थांबवली. सर्व्हर 2008 ची सर्वसाधारण मुदत 14 जानेवारी 2020 रोजी संपली, सर्व्हर 2012 ची 10 ऑक्टोबर 2023 रोजी. कक्षाबाहेरच्या साध्या संगणकांवरची विंडोज 10 सुद्धा 14 ऑक्टोबर 2025 ला त्याच रांगेत गेली. या तारखेला यंत्र बंद पडत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. बंद होते ती दुरुस्ती. त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट तशीच उघडी राहते, आणि ती कुठे आहे हे चोराला ठाऊक असते.

वापरणाऱ्याला हे दुसऱ्याच वाटेने कळते. एक दिवस सरकारी पोर्टल उघडत नाही. क्रोम ब्राउझरची विंडोज 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती 109; फेब्रुवारी 2023 नंतर त्या पिढीसाठी नवी आवृत्ती आली नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, त्यामुळे वीज गेली की यंत्राची तारीख वीस वर्षे मागे जाते आणि सुरक्षित वेबसाइट त्याला आत घेत नाही. आपण म्हणतो, "नेट गेलंय." नेट असते. यंत्रच काळाच्या मागे राहिलेले असते.

हा प्रश्न गरीब शाळांपुरता आहे, असे वाटत असेल तर जवाहरलाल नेहरू बंदराकडे पाहा. 27 जून 2017 रोजी न्हावा शेवा इथले एक कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. ते डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडचे होते. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटलेला नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम काही तासांत जगभर पसरला आणि मर्स्कची यंत्रणा कोलमडली. जालन्यासाठी ही दूरची गोष्ट नाही. आपल्याकडच्या ड्राय पोर्टची पायाभरणी 2015 साली झाली ती याच बंदराशी जोडण्यासाठी.

मर्स्कला दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. हा आकडा कंपनीच्या अध्यक्षांनीच 2018 साली दावोसला सांगितला. पुढे पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी या घटनेचा तपशील लिहिला. त्यात आपल्या विषयाशी नेमकी जुळणारी बाब आहे. हल्ल्याच्या वेळेपर्यंत मर्स्कचे काही सर्व्हर विंडोज 2000 वर चालत होते, ज्याची देखभाल 2010 सालीच संपली होती. कंपनीतल्या तंत्रज्ञांनी आदल्याच वर्षी धोका सांगितला होता, सुधारणेला मंजुरी आणि पैसाही मिळाला होता. पण ते काम वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात धरलेले नव्हते, म्हणून ते पुढे सरकले नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीची आणि आपल्या तालुक्याच्या शाळेची रीत इथे एकच आहे. ज्या कामाचा रकाना अहवालात नाही, ते काम होत नाही.

त्या हकिकतीतला दुसरा भाग ऐकून आपल्याकडचा माणूस हसेल. मर्स्कच्या जाळ्याचा नकाशा सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते एकमेकांचीच प्रत ठेवत, म्हणून वेगळी प्रत कोणी ठेवली नव्हती. सगळे एकदम पुसले गेले. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घानाच्या कार्यालयातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! भारनियमनाला शिव्या देणाऱ्या आपण मराठवाड्याच्या लोकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण वीज गेल्यामुळे वाचणे हा नशिबाचा भाग झाला. त्याला कोणी तवक्कुल म्हणू नये. तवक्कुल उंटाला दावे बांधल्यानंतर सुरू होते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

आता शाळेकडे येतो. आपल्या सर्व्हरवर जहाजांचे वेळापत्रक नाही, मग त्यात जाण्यासारखे काय आहे? मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल, बँक खाती. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी स्कॅन केलेली कागदपत्रे एका फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. आईबापांनी ती शिक्षकावर भरवसा ठेवून दिलेली आहेत. ही अमानत आहे. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती बाळगणाऱ्याने ती जपण्याची वाजवी व्यवस्था करावी, असे तो सांगतो. आपल्यासाठी हे बंधन कायद्याच्या आधीपासूनचे आहे.

चोरीइतकाच दुसरा धोका आहे तो नाहीसे होण्याचा. शाळेच्या जनरल रजिस्टरची किंमत मुस्लिम घरांना विशेष माहीत आहे. आजोबांचा जन्मदाखला नसतो, शाळेतली नोंद असते. ओबीसीचा जातीचा दाखला काढताना, पासपोर्ट काढताना, नावाचे एक अक्षर दुरुस्त करताना सगळे शाळेच्या दारात येतात. 2023 साली आपल्याच जिल्ह्यातल्या, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातले दप्तर उघडले गेले. त्यातले बरेचसे उर्दूत आणि मोडीत होते. उर्दू वाचणाऱ्यांची गरज पडली, आणि जुने कागद वाचले गेले. कागद टिकला होता, आणि लिपी वाचणारी माणसेही शिल्लक होती.

आपण 2006 साली इनपेजमध्ये केलेली यादी आज कोण वाचणार? त्या काळच्या इनपेजची फाइल युनिकोडमध्ये नसते. ते सॉफ्टवेअर नसेल तर ती उघडत नाही. मराठीची गत फार वेगळी नाही. कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसते. गंमत म्हणजे ज्या विंडोज 2000 ला आपण म्हातारी म्हणतो, तिच्यातच पहिल्यांदा देवनागरीची युनिकोडमध्ये सोय आली होती. उर्दूला नस्तालीक फॉन्ट विंडोजमध्ये मिळायला 2012 ची विंडोज 8 यावी लागली. म्हणजे सोय येऊनही वर्षे झाली, पण जुन्या फाइली नव्या रूपात आणायचे काम कोणी कोणाला सांगितलेच नाही. जुना सर्व्हर ज्या दिवशी कायमचा बसेल, त्या दिवशी त्या नोंदी असूनही नसल्यासारख्या होतील.

"पैसे नाहीत" हे उत्तर मला मान्य आहे, पण अर्धेच. नवा सर्व्हर घ्यायला पैसे लागतात. पुढची कामे मात्र बहुतेक मेहनतीची आहेत. टायपिंग आणि चित्रे काढण्यापुरता असलेला जुना सर्व्हर इंटरनेटवरून काढून टाकावा. त्याचे शिकवणे थांबत नाही, दार मात्र बंद होते. पेनड्राइव्ह लावण्यावर लगाम असावा. मुलांची खासगी माहिती त्यावरून उतरवून, देखभाल चालू असलेल्या एकाच संगणकावर ठेवावी. महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती कराव्यात आणि एक शाळेबाहेर, संस्थेच्या कपाटात, कुलपात ठेवावी. प्रत नेहमी यंत्राला जोडलेली नसावी, घानाचा सर्व्हर तसाच वाचला. इनपेजच्या फाइली युनिकोडमध्ये उतरवाव्यात, आणि दाखल्यांच्या नोंदी छापून, सही-शिक्क्यासह बांधून ठेवाव्यात.

केरळने याहून पुढचे काम केले आहे. तिथल्या शाळांत वर्षांपूर्वीच मुक्त प्रणाली, म्हणजे लिनक्स, आणली गेली आणि शिक्षकांनाच ती सांभाळायला शिकवले. 2018 पासून 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट शाळाशाळांत आहेत. मुक्त प्रणाली म्हातारी होत नाही असे नाही. सेंटओएस 7 ची मुदतही 30 जून 2024 ला संपली. पण नवी आवृत्ती घ्यायला परवान्याचे पैसे लागत नाहीत. केरळचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो. त्यांनी यंत्राबरोबर माणूसही तयार केला. आपल्याकडे करारात यंत्र होते, माणूस पाच वर्षांचा पाहुणा होता.

उर्दू शाळेतल्या मुलांच्या बाबतीत हे अधिक टोचते. यातल्या पुष्कळ मुलांच्या घरी संगणक नाही. शाळेतला जुना सर्व्हर हीच त्यांची संगणकाशी पहिली ओळख. तो बंद खोलीत धूळ खात असेल तर त्यांना काहीच मिळत नाही. तो उघड्या दाराने चालत असेल तर त्यांची माहिती धोक्यात. दोन्हींच्या मधला रस्ता सांभाळणारा माणूस असेल तरच निघतो.

वक्फच्या जमिनीला मुतवल्ली असतो. जमीन त्याची नसते, तो फक्त राखणदार आणि जबाबदार. मुतवल्ली नसलेल्या किंवा झोपलेल्या वक्फचे काय होते, हे मराठवाड्याला सांगायला नको. शाळेच्या सर्व्हरलाही तसाच एक मुतवल्ली हवा. त्याचे नाव कक्षाच्या दारावर लिहिलेले असावे, त्याला आठवड्यातून दोन तासिका या कामासाठी मोकळ्या मिळाव्यात, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: प्रत शेवटची कधी काढली, ती उघडून पाहिली का, आणि यंत्राच्या देखभालीची मुदत कोणत्या तारखेला संपते किंवा संपली. पालकांनी समितीत बसून हे विचारायला तंत्रज्ञान यावे लागत नाही. आपण आपल्या लेकरांची कागदपत्रे कोणाच्या हातात दिली, एवढेच त्यांना माहीत असायला हवे.