सूर ऐकू न येणारे कान

वृत्राच्या जन्माची कथा संस्कृतच्या अध्यापकांना नवी नाही. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने होम केला. परंतु ‘इन्द्रशत्रु’ या शब्दातील उदात्त शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्यावर पडला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि इंद्राचा मारेकरी व्हायचा तो इंद्राच्याच हातून मेला. असे असूनही, ‘सुराने अर्थ बदलणे ही चिनी भाषेची तऱ्हा, आपल्याकडे तसले काही नाही’ हा समज आपल्या वर्गांतून बिनदिक्कत चालतो.

प्रचलित वाटणी अशी की, चिनीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर, म्हणून ती सुराची भाषा. टोकियोच्या जपानीत शब्दात सूर कोठे उतरतो एवढेच पाहायचे. ‘हाशी’ पहिल्या अक्षरानंतर उतरला तर जेवणाच्या काड्या, दुसऱ्यानंतर उतरला तर पूल. ही स्वराघाताची भाषा, आणि वैदिक संस्कृतही याच खणात. वाटणी सुटसुटीत खरी, परंतु अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लॅरी हायमन यांनी २००९ साली तिच्या मुळावरच घाव घातला. स्वराघाताची भाषा असा स्वतंत्र प्रकारच नाही. सुराचे काही आणि आघाताचे काही गुणधर्म निरनिराळ्या भाषा आपापल्या परीने उचलतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते पटण्यासारखे आहे.

पंजाबीच घ्या. ‘घोडा’ लिहायचा घ काढून, पण उच्चारायचा ‘क’ने आणि खालच्या सुरात. सूर सपाट ठेवला की तोच चाबूक होतो, वर चढवला की कुष्ठरोगी! घ, झ, ढ, ध, भ यांतील महाप्राण लोपला आणि जाताना सूर मागे ठेवून गेला. हा सूर शब्दात एकदाच येतो, म्हणून काही अभ्यासक पंजाबीला स्वराघाताच्या खणात ढकलतात. सूर तीन, म्हणून इतर तिला सुराची भाषा म्हणतात. भांडण खणांचे आहे, पंजाबीचे नव्हे.

आणि पंजाबी एकटी नाही. आठव्या अनुसूचीत १९९२ साली आलेली मणिपुरी, २००३ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या बोडो व डोगरी, या साऱ्यांत सूर अर्थ बदलतो. आपली पाठ्यपुस्तके मात्र भारतीय भाषांचे वर्णन करताना स्वर-व्यंजनांपाशीच थांबतात. मग हिंदीच्या तासाला एखादा पंजाबी मुलगा ‘भाई’ऐवजी ‘पाई’सारखे काही म्हणाला, की वर्ग हसतो आणि शिक्षक उच्चार सुधारू लागतात. त्या मुलाने ‘भ’ गाळलेला नसतो. तो खालच्या सुरात त्याच्यापाशी शाबूत असतो.