विश्लेषण : बटणांची भीती, छिद्रांची किळस... विचित्र ‘फोबिया’ कशामुळे होतात?

‘जगातील सर्वात विचित्र भीती’ अशा नावाची यादी मोबाइलवर अधूनमधून फिरत असते. कुणाला फुग्यांची भीती, कुणाला बटणांची, तर कुणाला पीनट बटर टाळूला चिकटेल याची. लांबलचक शब्दांच्या भीतीला तर मुद्दामच उच्चारता येणार नाही असे लांबलचक नाव दिलेले आहे. वाचणारा हसतो, मित्राला टॅग करतो आणि पुढे सरकतो. पण ज्याला अशी भीती खरोखरच आहे, त्याने ती कुणाला सांगायची? ‘बटणाला काय घाबरायचे?’ हा प्रश्न ऐकावा लागेल या धास्तीने तो गप्प बसतो. भीती विचित्र वाटली तरी ती निर्माण होण्याची आणि टिकण्याची कारणे मात्र अगदी नेहमीची आहेत.

फोबिया नेमका कशाला म्हणतात?

पाल दिसल्यावर किंचाळणे म्हणजे फोबिया नव्हे. पाल असेल या भीतीने स्वयंपाकघरात पाऊलच न टाकणे, गावच्या घरी मुक्काम करणे कायमचे बंद करणे, हा फोबिया असू शकतो. धोक्याच्या मानाने कितीतरी मोठी भीती, साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकणारी आणि रोजचे जगणे अडवणारी, अशी तिची ओळख आहे.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ मधील ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत विशिष्ट फोबियाचे पाच गट आहेत : प्राणी, नैसर्गिक परिस्थिती (उंची, वादळ, पाणी), रक्त-सुई-जखम, विशिष्ट प्रसंग (विमान, लिफ्ट) आणि इतर. बटणे किंवा फुगे या शेवटच्या गटात जातात. म्हणजेच यादीतील भारदस्त ग्रीक नावे ही स्वतंत्र निदाने नाहीत. नाव कितीही मजेदार असले तरी डॉक्टरांच्या दृष्टीने तो ‘विशिष्ट फोबिया’च असतो आणि त्यावरील उपचारांची दिशाही ठरलेली आहे.

बटणांची भीती कशी सुरू झाली?

अमेरिकेत २००२ मध्ये एका ९ वर्षांच्या मुलाची केस वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तो ५ वर्षांचा असताना शाळेत हस्तकलेसाठी बटणे आणायला गेला, हात निसटला आणि वाडग्यातील सगळी बटणे त्याच्या अंगावर पडली. प्रसंग एवढाच. पण त्यानंतर बटणे हाताळणे त्याला हळूहळू अशक्य झाले. स्वतःचे कपडे घालता येईनात. गणवेशाच्या बटणांमुळे वर्गात लक्ष लागेना.

उपचारात त्याला बटणे थोडी थोडी हाताळायला दिली गेली. तो ती हाताळूही लागला, पण त्याचा त्रास वाढला. कारण मुळाशी केवळ भीती नव्हती, किळसही होती. बटणे अंगावर पडत आहेत अशी कल्पना करायला लावून त्या किळसवाण्या विचारांवर काम केल्यानंतर तो सावरला. वर्षभरानंतरही त्याचा त्रास अगदी नगण्य होता.

छिद्रांचे काय?

कमळाच्या बियांचे बोंड किंवा मधाचे पोळे पाहून अंगावर शहारे येणे, याला ‘ट्रायपोफोबिया’ म्हणतात. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठाचे जेफ कोल आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी २०१३ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. कमळाच्या बोंडाचे छायाचित्र पाहून ११ टक्के पुरुष आणि १८ टक्के स्त्रियांना अस्वस्थ वाटले. अशा चित्रांची ठेवण काही विषारी प्राण्यांच्या अंगावरील नक्षीसारखी असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्वचारोग आणि परजीवींपासून दूर राहण्याच्या उपजत किळसेशी याचा संबंध असावा, असे इतर काही संशोधक मानतात. डीएसएममध्ये मात्र त्याची वेगळी नोंद नाही.

वाईट अनुभव नसतानाही भीती कशी बसते?

पाहून. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या, सापाला न घाबरणाऱ्या माकडांवर प्रयोग केले. सापाला घाबरणारे दुसरे माकड नुसते पाहिल्यावर तीही घाबरू लागली. चित्रफितीत फेरफार करून माकड फुलांना घाबरते आहे असे दाखवले, तेव्हा मात्र ती फुलांना घाबरली नाहीत. म्हणजे काही भीती शिकण्याची मेंदूची आधीच तयारी असते. घरातली मोठी माणसे कशाला दचकतात, हे मुले नकळत टिपत असतात.

रक्त आणि सुईच्या फोबियात आनुवंशिकतेचा वाटाही दिसतो. तिथे शरीराचे वागणेही वेगळे असते. इतर फोबियांत हृदयाची धडधड वाढते, इथे आधी वाढलेला रक्तदाब एकदम घसरतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. ते नाटक नसते. स्वीडनचे लार्स-योरान ओस्ट यांनी अशा रुग्णांना हातापायांचे स्नायू ताणून रक्तदाब टिकवण्याचे तंत्र शिकवले, ते आजही वापरले जाते.

मग भीती जात का नाही?

कारण माणूस तिला टाळतो. टाळले की लगेच हायसे वाटते आणि ‘टाळले म्हणून वाचलो’ हा धडा मेंदू पक्का करतो. काही झाले नसते, हे कळण्याची संधीच मिळत नाही.

उपाय याच्या नेमका उलटा आहे, पण तो पायरीपायरीने करायचा असतो. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाला आवडीचा खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला. आजच्या ‘एक्स्पोजर’ उपचारांचे मूळ तिथे आहे. आधी चित्र, मग लांबून, मग जवळून आणि प्रत्येक पायरीला रुग्णाची संमती. आपल्याकडे मात्र ‘भीती मोडायची’ म्हणून मुलाच्या अंगावर झुरळ टाकले जाते किंवा त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडले जाते. हा उपचार नव्हे. यातून भीतीला नवे कारण मिळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २२ देशांतील सर्वेक्षणांनुसार सुमारे ७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी विशिष्ट फोबिया होतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असे कुणीतरी असण्याची शक्यता आहे. इंजेक्शनच्या भीतीने रक्ततपासणी टाळणारा मधुमेही असेल, तर ही गंमत जिवावरही बेतू शकते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. पुढच्या वेळी घरात कुणी अशी भीती बोलून दाखवली, तर हसण्याआधी एवढेच विचारावे : ‘यामुळे तुझे काय काय अडते?’ उपचाराची पहिली पायरी तिथूनच सुरू होते.