पळतो एक, दमतं घरदार

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे, तेव्हा आधीच सांगून टाकतो. पळण्याला माझा विरोध नाही. आठवड्यातून तीनदा मीही पळतो. विरोध आहे तो आपल्या आयटीवाल्यांत शिरलेल्या 'बॅक टू बॅक' नावाच्या खुळाला.

म्हणजे काय, तर या रविवारी एका शहरात फुल मॅरेथॉन आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या शहरात दुसरी. सोबत बायको, नाहीतर आई-बाबा. मधल्या दिवसांना नाव 'फॅमिली ट्रिप'. शेवटी फोटो. फोटोत सगळे हसताहेत, मेडल मात्र एकाच्याच गळ्यात. आणि फोटोखाली हमखास एक वाक्य: 'कुटुंबाच्या साथीशिवाय हे शक्यच नव्हतं.'

वाक्य शंभर टक्के खरं आहे. गोम आहे ती तिथेच!

आपण हिशेबी माणसं, तर हिशेबच मांडू. मुंबईची फुल मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते. म्हणजे पळणारा दोन-अडीचला उठतो, आणि हॉटेलच्या एकाच खोलीत असल्यामुळे सोबतचं माणूसही उठतं. आपला साधा हौशी धावपटू साडेचार-पाच तास घेतो. त्याला रस्त्यात पाणी मिळतं, केळी मिळतात, टाळ्या मिळतात, शेवटी मेडल मिळतं. सोबतच्या माणसाला काय मिळतं? सांभाळायला एक बॅग, बंद केलेले रस्ते, बसायला फुटपाथ आणि 'स्वच्छतागृह कुठंय हो?' हा प्रश्न. धावणारा पाच तास पायांवर, थांबणारा सात-आठ तास. हे एका रविवारचं झालं. 'बॅक टू बॅक' म्हणजे याला गुणिले दोन, अधिक प्रवास.

आता उदाहरण घरातलंच. मी मूळचा बडनेऱ्याचा. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अमरावतीला जायचं म्हणून मेन लाइनवरच्या ज्या जंक्शनला तुम्ही उतरता, ते बडनेरा.) माझा चुलतभाऊ पुण्यात आमच्याच धंद्यात आहे. एका जानेवारीत त्यानं मुंबई आणि पुढच्या रविवारी दक्षिणेतलं एक शहर असा बेत आखला आणि काकांना फोन केला, "बाबा, चला, मस्त आठवडाभर फिरू." काका ६८ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले. एरवी घर सोडायला तयार नसतात, पण पोरानं बोलावलं म्हटल्यावर बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडून साडेसहाशे किलोमीटर बसून सकाळी दादरला उतरले. सोबत काकूंनी दिलेला डबा, त्यात पोराला आवडतात म्हणून सांडगे आणि मिरचीचा ठेचा. पोरगा 'कार्ब लोडिंग'वर होता. ठेचा तसाच परत आला.

आठवडा कसा गेला? शनिवारी बिब आणायची रांग, रविवारी शर्यत, सोमवार-मंगळवार पोराला जिना उतरवेना म्हणून घरी, बुधवारपासून त्याची झोप सांभाळायची, शुक्रवारी प्रवास, शनिवारी पुन्हा बिब, रविवारी पुन्हा फुटपाथ. परत आल्यावर मी विचारलं, काका, कसं झालं? जराही तक्रार न करता म्हणाले, "मले तं वाटलं होतं दोन दिवस पोरगा संगं बसन, बोलन. थो तं पयूनच राह्यला."

आता बोला.

तुम्ही म्हणाल, हा एका घरातला प्रश्न झाला. मग शरीराचं बोलू. ४२.१९५ किलोमीटर पळल्यावर स्नायूंच्या तंतूंची बारीक मोडतोड होते. ती झाली की रक्तात क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम वाढतं, आणि मॅरेथॉननंतर ते कित्येक दिवस वाढलेलं राहतं. पाय दुखायचे आधी थांबतात, दुरुस्ती मागाहून संपते. लॉगमध्ये एरर दिसायची थांबली म्हणून बग गेला, असं आपण ऑफिसात कधी म्हणतो का? मग पायांच्या बाबतीत का म्हणतो? आणि दुसऱ्या रविवारी दुखू नये म्हणून सकाळीच पेनकिलर घेऊन उभे राहणारे महाभाग मी पाहिलेत. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्रुफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

आणि यातही घरचं माणूस आहेच बरं का! बिबच्या मागे इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा नंबर लिहितात. पस्तिसाव्या किलोमीटरला तुम्ही आडवे झालात तर तो फोन वाजणार ६८ वर्षांच्या माणसाच्या खिशात. त्याला त्या शहराची भाषा येत नाही, हॉस्पिटल कुठं आहे ते ठाऊक नाही, तुमच्या फोनचा पासवर्डही ठाऊक नाही. तुमची जोखीम तुम्ही एकट्यानं पत्करलेली नसते. अर्धी त्यांच्या नावावर असते, आणि सही घ्यायला कुणी गेलेलं नसतं.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. "अरे, पुण्याच्या आशिष कासोदेकरांनी ६० दिवसांत ६० मॅरेथॉन केल्या, आणि तू दोनाचं काय घेऊन बसलास?" केल्या ना! २८ नोव्हेंबर २०२१ ला सुरुवात करून २६ जानेवारी २०२२ ला साठावी पुरी केली, तेही पन्नाशीच्या आसपास, आणि तो तेव्हाचा विश्वविक्रम ठरला. त्याआधी २०१९ मध्ये लडाखची ५५५ किलोमीटरची 'ला अल्ट्रा' त्यांनी पार केली होती. म्हणजे ज्या माणसाचं शरीर आणि दिनक्रम दोन्ही याच कामासाठी तयार झालेलं, त्यानं सलग दोन महिने तेच काम केलं. 'चला, मस्त फिरू' असं सांगून दोन वीकेंडच्या फटीत कोंबलेली ती सहल नव्हती. त्यांचं नाव घेऊन आपली हौस खपवणं म्हणजे सचिनचं नाव सांगून गल्लीत काच फोडणं.

दुसरं उत्तर असतं टेरी फॉक्सचं. तेही बघूच. कॅनडाचा हा पोरगा, कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला, १२ एप्रिल १९८० ला निघाला आणि रोज जवळजवळ एक मॅरेथॉन पळाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर! १ सप्टेंबरला कॅन्सर फुप्फुसात पोचल्याचं कळलं आणि थांबावं लागलं. त्याच्या सोबत व्हॅन चालवायला डग आल्वर्ड हा मित्र होता. दोघांची इतकी जुंपायची की बोलणं बंद व्हायचं. मग धाकटा भाऊ डॅरेल येऊन मिळाला, आणि दोघांच्या मधे उशीसारखा राहिला. बघा, तिथंही सोबतचा माणूस थकला, चिडला, भांडला. पण तो कशासाठी आलाय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्याला काम होतं, आणि कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसा उभा करायचं ते काम त्याचंही होतं. टेरीची गोष्ट सांगताना डग आणि डॅरेलची नावं येतातच. आपल्या फोटोंत 'कुटुंब' असा एकच शब्द येतो.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? रोज उठून मैलोन्‌मैल जायचं, तेही घरच्यांसोबत, हे वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगते. शेगावची गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरला जाते, महिनाभर चालत. त्यात सासू-सून असतात, बाप-लेक असतात, कधी अख्खं घर असतं. मी इथं भक्तीबद्दल बोलत नाहीये, व्यवस्थेबद्दल बोलतोय. विसावा कुठं, मुक्काम कुठं हे निघायच्या आधी ठरलेलं. वेग म्हाताऱ्यांना जमेल असा. सामान गाडीत. आणि मुख्य म्हणजे कोणी कोणाची बॅग धरून रस्त्याच्या कडेला उभं नसतं. जो आला तो चालतो. रोजच्या रोज चालूनही ती माणसं महिनाभर एकमेकांशी बोलत असतात!

तर माझ्या मागण्या, साध्या आणि रोखठोक:

एक. दोन फुल मॅरेथॉनमध्ये निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. नाहीच राहवलं तर दुसरीला एकटे जा. बॅग ठेवायची सोय आयोजक करतात, त्यासाठी बाप लागत नाही.

दोन. घरच्यांना नेायचंच असेल तर त्यांनाही बिब घ्या. मुंबईत ज्येष्ठांसाठी चार-साडेचार किलोमीटरची वेगळी दौड असते, सहा किलोमीटरच्या आसपासची 'ड्रीम रन' असते. माझे काका रोज सकाळी घर ते बडनेरा स्टेशन आणि परत, पाच किलोमीटर चालतात. त्यांचं नाव नोंदवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण त्यांना पळणाऱ्यांत कोणी मोजलंच नव्हतं.

तीन. सहलीला सहल म्हणा आणि शर्यतीला शर्यत. "माझी शर्यत आहे, मला सोबत हवीय, तुमचे आठ दिवस जातील आणि फिरणं होणार नाही, याल का?" असं सरळ विचारा. कित्येक आई-बाप तरीही येतील. पण निदान 'नाही' म्हणायची संधी त्यांना मिळेल.

यावर "तुला जमत नाही म्हणून जळतोस" अशी प्रतिक्रिया येणार, ती मी गृहीत धरलेली आहे :-) जळा म्हणा हवं तर. पण पुढच्या सीझनची नोंदणी करताना फॉर्ममध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्टची रिकामी जागा येईल. तिथं ज्याचा नंबर टाकाल, त्याला फॉर्म भरायच्या आधी एक फोन करा.